डावीकडे शिसे, उजवीकडे पुट्टी

शनिवार, ८ जानेवारी २०११

आज टप कापला.

गाडी १९३१ सालची फोर्ड कूपे. दोन दारांची, दोघांपुरतीच. कॅलिफोर्नियात कॉर्कोरनजवळच्या एका दुग्धशाळेमागे निलगिरीच्या रांगेत ती कित्येक वर्षे पडून होती. तिची हॉट रॉड, म्हणजे कापून बसकी केलेली वेगवान गाडी, करायची, आणि तीही परंपरेला धरून, म्हणजे १९५० साली एखाद्या तरुणाला स्वतःच्या घरच्या गॅरेजमध्ये जे करता आले नसते ते करायचे नाही. हा नियम आमच्या हॉट रॉडवाल्यांच्या मंडळाचा आहे आणि मला तो मनापासून पटतो. मर्यादा आखल्याशिवाय कोणताही प्रयोग प्रयोग राहत नाही.

टप बसका करण्याची रीत सोपी वाटते, पण ती तशी नाही. छताला आधार देणाऱ्या प्रत्येक खांबातून तीन इंच कापून काढायचे, छत खाली आणायचे आणि कापलेली टोके पुन्हा जोडायची. तत्पूर्वी आतून लोखंडी नळ्यांचे आडवेतिडवे टेकू जोडून घ्यावे लागतात, नाहीतर छत सुटताच उरलेला सांगाडा ताण सैल होऊन फाकतो आणि मग दारे जन्मात लागत नाहीत. या सालच्या गाडीचे खांब जवळजवळ उभे आहेत, म्हणून टोकाला टोक मिळते. पुढच्या सालांत खांब कलते झाले आणि कारागिरांचे हाल सुरू झाले.

वर्ल स्टबलफील्ड सकाळीच स्वतःची घडीची खुर्ची घेऊन हजर झाला. वय एकोणऐंशी, त्यातली चाळीस वर्षे गाड्यांचा पत्रा सरळ करण्यात गेली. तो बाप्टिस्ट आणि मी पोर्तुगीज कॅथलिक, त्यामुळे थट्टेला विषय कधी कमी पडत नाही.

"मास्तर, तू कापतोयस की जपमाळ ओढतोयस?"

"मोजतोय."

"नाताळाच्या आधीपासून मोजतोयस. पोपचं लग्न लागेल, पण तुझा टप काही खाली यायचा नाही."

दुपारी दोनच्या सुमारास छत आम्ही दोघांनी उचलून बाजूला ठेवले. ऑरेलिया दारात उभी राहून बघत होती. नवरा ट्रेंट नौदलाच्या जहाजावर गेल्यापासून ती माझ्याकडे राहायला आली आहे. मे महिन्यात बाळंत होईल. ती म्हणाली, "पप्पा, चांगली होती की गाडी." तिला यातले फारसे कळत नाही. दिवसभर काय करावे हा प्रश्न तिला पडत असावा. उद्या सवडीने समजावून सांगेन.

रविवार, १६ जानेवारी

डावा जोड वेल्डिंग करून पुरा झाला. आता तो भरून पत्र्याशी एकजीव करायचा. आजचे लोक येथे डब्यातली पुट्टी थापतात. आमच्या मंडळात पुट्टीचे नाव काढणे म्हणजे लग्नात तेराव्याचा विषय काढणे. परंपरेत येथे शिसे लागते.

शिशाबद्दल लिहिताना मला फळ्यासमोर उभा असल्याचा आनंद होतो. सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील असे मिश्रण एकदम वितळत नाही. घन आणि द्रव यांच्या मधल्या एका अवस्थेत ते बराच वेळ लोण्यासारखे मऊ राहते. त्या अवधीत मेण लावलेल्या लाकडी थापीने ते उभ्या पत्र्यावरसुद्धा लिंपता येते. ज्योत जवळ आणली की ओघळते, दूर नेली की थिजते. वर्लच्या हाताखाली ते आज्ञाधारक कणकेसारखे वागते. माझ्या हाताखाली अजून जमिनीवर पडते.

शिसे विषारी आहे हे वेगळे सांगायला नको. एकतीस वर्षे मी मुलांना तेच शिकवले. म्हणूनच खबरदारी पद्धतशीर घेतली आहे. शिशाची वाफ होते ती ज्योत फार तापली तर. म्हणून ज्योत मऊ ठेवायची. बारीक धूळ होते ती यंत्राने घासले तर. म्हणून यंत्र वर्ज्य, फक्त हाताची कानस. कानशीने निघते ती धूळ नसते, खोवलेल्या नारळासारखा जाडसर कीस असतो. तोंडाला मास्क, गॅरेजचे दार सताड उघडे. काम संपले की बॉयलर सूट गॅरेजच्या दारातच उतरवून धुलाई यंत्राशेजारच्या टोपलीत टाकायचा, म्हणजे घरात पुढे काही जात नाही. धोक्याला आत यायला दोनच दारे आहेत आणि दोन्ही मी बंद केली आहेत.

वर्लला हे सगळे हास्यास्पद वाटते. "मी चाळीस वर्षं उघड्या हातांनी शिसं लिंपलं. हात शर्टाला पुसून सँडविच खाल्लं. माझ्याकडे बघ!"

मी पाहिले. त्याने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला होता. धुके दाट होते आणि त्याचे हात थंडीने कापत होते. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये शेगडी लावेन.

रविवार, २३ जानेवारी

कानस अंगवळणी पडते आहे. ती रेटायची नसते, पत्र्यावरून तिरपी जाऊ द्यायची असते.

एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. माझी बायको इर्मा गेल्यापासून माझा बॉयलर सूट महिना महिना पाणी पाहत नसे. आता दर सोमवारी तो स्वच्छ धुतलेला, घडी घातलेला, दारापाशी तयार असतो. ऑरेलियाने ही शिस्त आपणहून लावली. आरोग्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे.

रविवार, ३० जानेवारी

जेवायला आत गेलो तेव्हा ट्रेंटचा फोन चालू होता. ऑरेलिया एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने माझ्या कॉलरवरचा कीस झटकत होती आणि त्याला सांगत होती, "पप्पा खूश आहेत. चांदीत लोळून आल्यासारखे दिसतायत."

फोन झाल्यावर तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. बाळाने लाथ मारली. मी म्हणालो, "कानस अशीच तिरपी मारायची असते." ती खूप हसली.

कोबीचे सूप आणि लिंग्विसा, आमचे पोर्तुगीज सॉसेज. अलीकडे ती फार चांगले जेवण करते.

रविवार, ६ फेब्रुवारी

डावा जोड पूर्ण. लिहिताना हात आनंदाने अडखळतो आहे.

मंडळाची एक चाल आहे. वसंतातल्या मेळाव्यात गाडी रंगाशिवाय, उघड्या पत्र्यावर आणायची. मग जुनी मंडळी डोळे मिटून छताच्या खांबांवरून बोटे फिरवतात आणि कापल्याची जागा शोधतात. जोड सापडला तर गाडीवाल्याने सगळ्यांना जेवण द्यायचे. नाही सापडला तर शोधणाऱ्याने. डोळा फसतो, पण बोटांचे टोक केसाइतका उंचवटासुद्धा पकडते. कातडीतल्या चेताटोकांची ही करामत मी वर्गात नेहमी सांगत असे.

मेळाव्याला अवकाश आहे, पण मला धीर कुठला? ऑरेलिया मागच्या अंगणातून येत होती. तिला बोलावले, डोळे मिटायला लावले आणि तिची बोटे खांबावर ठेवली.

"सांग, कुठे कापलंय?"

तिने वरून खाली, खालून वर दोनदा हात फिरवला. मग गाल लावूनही पाहिला.

"पप्पा, तुम्ही कापलंच नाहीये. फसवताय मला."

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत इतके मोलाचे प्रशस्तिपत्र मला कोणी दिले नव्हते. तिचीही कळी खुलली. त्याच उत्साहात तिने आत जाऊन गोड पावाचे पीठ मळायला घेतले. तिच्या आजीसारखी, कोपरापर्यंत हात बुडवून. दोन पाव फ्रीझरमध्ये ट्रेंटसाठी ठेवले आहेत.

गुरुवार, १७ फेब्रुवारी

जसे घडले तसे लिहितो.

ऑरेलिया आज तपासणीला गेली होती. परत आली ती हसत. तिथल्या परिचारिका, श्रीमती ओकाम्पो, दर वेळी काही ना काही विचारतात. आज त्यांनी विचारले, घरात कोणी बॅटऱ्यांचे, जुन्या रंगाचे किंवा शिशाचे काम करते का?

"मी म्हटलं, माझे वडील गाडीला शिसं लावतात. त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, वडिलांशी बोलून घे."

मला गंमत वाटली. विषय माझाच होता. मी तिला खुर्चीवर बसवले आणि सुरुवातीपासून समजावले. वाफ कधी होते, धूळ कधी होते, यंत्र का वर्ज्य, कीस का जाड. मग म्हणालो, "शिवाय कामाचे कपडे मी दारातच उतरवतो. ते घरात येतच नाहीत. ते पडतात टोपलीत आणि तिथून..."

येथे मी थांबलो.

"तिथून मी धुते," ती म्हणाली. "आधी झटकून घेते. नाहीतर यंत्रात कीस जातो."

"कुठे झटकतेस?"

"मागच्या पायरीवर."

"कशाने?"

"हाताने, पप्पा. झटकायला काय लागतं?"

"आणि यंत्रात माझ्या कपड्यांबरोबर..."

"माझेच. दोन माणसांचे वेगळे वेगळे कोण धुणार?"

मी श्रीमती ओकाम्पोंना फोन लावला. उद्या सकाळी आम्हा दोघांचे रक्त तपासायला घेणार आहेत.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

रक्त दिले. सोमवारी सुट्टी असल्याने निकाल मंगळवारी.

शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. कॅल्शियम समजून ते शिसे हाडात साठवते, आणि गरोदरपणी आईची हाडे बाळासाठी आपला साठा मोकळा करतात तेव्हा शिसेही बाहेर पडते. गर्भाशयातली वार त्याला अडवत नाही. घडणाऱ्या मेंदूला ते सर्वांत जास्त अपाय करते. हे मी आज कोणाला विचारून लिहिलेले नाही. हे वाक्यच्या वाक्य मी दर वर्षी दुसऱ्या सत्रात फळ्यावर लिहीत असे आणि मुले वहीत उतरवून घेत असत.

तिची बोटे मी स्वतः धरून जोडावर ठेवली होती. तिने गाल लावला होता.

शनिवार, १९ फेब्रुवारी

शिशाची जागा झाडायची नसते. झाडले की ते उडते. ओल्या फडक्याने पुसायचे, फडके पिशवीत बांधून टाकायचे, नवे घ्यायचे. पायरी, टोपली, यंत्राचे पिंप, दाराच्या मुठी, स्वयंपाकघरातले टेबल, खुर्च्यांचे पाय, सगळे असे पुसले. गॅरेज आणि घर यांमधले दार बाहेरून टेप लावून बंद केले. कूपे आत आहे. असू दे.

ऑरेलियाला माझ्या बहिणीकडे टुलारीला पाठवायचे म्हटले, तर ती ऐकेना.

"मी गेले तर तुम्ही घर उकळून काढाल."

"डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर म्हणतात दूध प्या, लोहाच्या गोळ्या घ्या आणि निकाल येईपर्यंत डोकं थंड ठेवा. पहिल्या दोन गोष्टी मी करतेय. तिसरी तुम्ही करा."

फ्रीझरमधले दोन्ही पाव मी कचऱ्यात टाकले. तेव्हा मात्र ती भडकली. "ते ट्रेंटचे होते! भाजलेल्या पावात काय उरलंय?" मी सांगू लागलो की भाजल्याने शिसे नाहीसे होत नाही, ते मूलद्रव्य आहे. ती दार लावून खोलीत गेली. पावांवरून इतका राग यावा याचे आश्चर्य वाटले. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. बदामाच्या बागा फुलू लागल्या आहेत, तिला फुलोऱ्याचा त्रास होतो.

ट्रेंटचा फोन आला होता. ती त्याला हवापाण्याचे बोलली, हे काहीच सांगितले नाही. विसरली असावी.

सोमवार, २१ फेब्रुवारी

काही केले नाही. मागच्या पायरीवर बसून राहिलो. नंतर ऑरेलियाही येऊन शेजारी बसली. मी म्हणालो, "इथे नको बसू." ती म्हणाली, "चार वेळा धुतलीय तुम्ही ही पायरी. आता इथे शस्त्रक्रिया करता येईल."

मग तिने विचारले, "तुम्ही वर्गात हे शिकवायचा, तेव्हा किती आकडा वाईट म्हणायचा?" मी सांगितले. तिने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोके टेकवले.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

दीड!

एका डेसिलिटरमागे दीड मायक्रोग्रॅम. चिंता पाचापासून सुरू होते. दीड म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही माणसाच्या रक्तात असते तेवढेच.

फोन मी घेतला. "दीड," श्रीमती ओकाम्पो म्हणाल्या.

"पंधरा की दीड?"

"एक पूर्णांक पाच, मिस्टर बेटनकोर्ट."

"आणि एकक कोणते? कारण काही प्रयोगशाळा लिटरमागे..."

"मिस्टर बेटनकोर्ट, मुलीला फोन द्या. मला तिला आनंदाची बातमी द्यायची आहे, तुमची परीक्षा द्यायची नाही."

मी फोन दिला. तिने ऐकले, "हो" म्हणाली, "थँक यू" म्हणाली, फोन ठेवला आणि ओट्याला धरून खाली बसली. मी घाबरून धावलो तर ती हसत होती. मग रडू लागली, मग पुन्हा हसू लागली. मीही काय करत होतो हे मला नेमके सांगता येणार नाही. ट्रेंटचा फोन लागल्यावर "काही झालं नाही, काही झालं नाही" एवढेच ती कितीतरी वेळ म्हणत राहिली. त्याला काही ठाऊक नसल्याने तो बिचारा चांगलाच गांगरला.

असे का झाले याची कारणे मी दुपारी काढली. कीस खरोखरच जाड होता. तो झटकला तरी पायरीवरच पडला. आणि पिठात हात घालण्यापूर्वी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, ही तिच्या आजीची सक्ती तिच्या हाडात मुरलेली आहे. माझ्या व्यवस्थेने नव्हे, तिच्या आजीच्या धाकाने आम्हाला वाचवले. खबरदारी म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी होईल.

माझा आकडा चौदा. तो वाढू नये म्हणून शिशाचे काम बंद, असे डॉक्टरांनी सांगितले. मी आनंदाने मान्य केले. रात्रीच्या जेवणाला अंडी आणि लिंग्विसा; मी तीनदा घेतले.

रविवार, २७ फेब्रुवारी

वर्लला सांगितले. उरलेले शिसे बंद डब्यात घालून विषारी कचऱ्याच्या केंद्रावर देऊन आलो, हेही सांगितले. उजवा जोड पुट्टीने भरणार, हे शेवटी सांगितले. राग नेमका त्याचाच आला.

"अर्धी गाडी शिशाची आणि अर्धी पुट्टीची? त्यापेक्षा छताला बँडेज बांध!"

"ऑरेलियासाठी..."

"पोरगी ठीक आहे ना? दीड ना? मग? मी चाळीस वर्षं..."

"तूही रक्त तपासून घे."

"माझं रक्त माझ्याकडे बरं आहे." खुर्ची मिटून तो निघाला. आज चांगले ऊन होते, तरी त्याचा कप हिंदकळून पायरीवर कॉफी सांडली होती. मी कप फार भरला असावा. जाता जाता गाडीतून ओरडला, "रस्त्यात उजव्या बाजूने आलास तर ओळख देणार नाही!"

डाव्या बाजूचे शिसे काढायची गरज नाही. पत्र्याला धरून बसलेल्या, घासले न जाणाऱ्या शिशापासून धोका नाही. प्रायमरचा हात बसला की ते कायमचे बंद. पुट्टीला मात्र मी ओल्या पॉलिश पेपरनेच घासतो आहे. सवय आता जायची नाही, आणि जाऊ नये.

शनिवार, २६ मार्च

ऑरेलियाची दुसरी तपासणी: एक पूर्णांक तीन. मेळाव्याला निघण्यापूर्वीच हा फोन आला, त्यामुळे आज काहीही झाले तरी मी हरणार नव्हतो.

कूपे ट्रेलरवरून नेली. शिसे मात्र कोणाच्या बोटांना लागू द्यायचे नव्हते, म्हणून डाव्या जोडावर आधीच प्रायमर मारला. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजव्यावरही मारला. "उघडा पत्रा" या नियमात बसत नाही, असे काहींनी कुरकुरत सांगितले. कारण कळल्यावर कुरकुर थांबली. दोघा-तिघांनी आपल्या बायकामुलांकडे जरा विचारपूर्वक पाहिले.

मग बोटांची परीक्षा. डावा जोड कोणाला सापडला नाही. उजवाही सापडला नाही! शेवटी वर्ल पुढे आला. महिनाभर बोलला नव्हता. डोळे मिटून त्याने आधी उजव्या खांबावरून हात फिरवला, मग डाव्या. बराच वेळ फिरवला.

"हा शिशाचा," तो उजव्या खांबावर थाप मारून म्हणाला. "कसा मुलायम लागतोय बघा. आणि डावी बाजू पुट्टी. कळतं लगेच."

डाव्या बाजूचा निम्मा जोड त्याने स्वतःच्या हाताने लिंपलेला आहे. मी ऑरेलियाकडे पाहिले, तिने माझ्याकडे. तो थट्टा करत असावा, असे मला आधी वाटले. थट्टा करताना तो मिशीत हसतो. आज हसला नाही.

"बरोबर ओळखलंस," मी म्हणालो. जेवण मी दिले.

मंगळवार, १२ एप्रिल

ऑरेलियाने वर्लला जेवायला बोलावले. त्याला खुर्चीवर बसवून समोर गोड पाव ठेवला आणि म्हणाली:

"वर्ल काका, बाळ झालं की उचलून घ्यायचंय ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग आधी रक्त दाखवून या."

"म्हणजे आता रक्त बघून नातं जोडणार तू?"

"हो. आमच्यात तसंच असतं."

"कॅथलिक लोक," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "कुणालाच आत घेत नाहीत सहजासहजी." आणि पाव खाऊ लागला. सुरीने लोणी लावणे त्याला जमेना. तिने लावून दिले. मी हात, मेंदू आणि शिसे यांच्या संबंधावर दोन वाक्ये तयार केली होती. तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

बुधवार, २० एप्रिल

वर्लचा आकडा एकतीस. दवाखान्यातून तो थेट इकडे आला आणि गाडीतूनच ओरडला, "तुझे चौदा, माझे एकतीस! हरलास, मास्तर!"

मग उतरला आणि बराच वेळ कूपेच्या बोनेटला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला सांगितले आहे की नवे शिसे शरीरात गेले नाही तर आकडा हळूहळू उतरेल. हातांचे किती भरून येईल हे मात्र आता सांगता येत नाही. त्याच्या घरामागच्या शेडमध्ये अजून शिशाच्या कांड्या आहेत. उद्या त्या केंद्रावर घेऊन जायच्या आहेत; त्याने स्वतःच विचारले, "तुझी ती ओल्या फडक्याची भानगड मला एकदा शिकव." मी अत्यंत आनंदाने शिकवली. तो मध्ये एकदाही हसला नाही.

रविवार, ८ मे

कूपे स्वतःच्या चाकांवर निघाली. इंजिन पहिल्या हाकेला बोलले. ऑरेलियाला शेजारी बसायचे होते. टप तीन इंच खाली आलेला आणि पोट चांगलेच पुढे, तिला आत घालणे म्हणजे भूमितीचा प्रश्न होता. शेवटी आधी पाठ, मग पाय या क्रमाने जमले. दुग्धशाळांच्या मधल्या सरळ रस्त्याने पाच मैल जाऊन आलो. काही खडखडले नाही, काही गळले नाही. पाणी तापले, पण उकळले नाही. परत येईपर्यंत दोघेही मोठमोठ्याने गात होतो.

येताना समोरून वर्लचा ट्रक आला. त्याने आधी मान वळवली आणि मग हात बाहेर काढून हलवला.

रविवार, २९ मे

मुलगी झाली, शनिवारी आठ दिवस झाले. ट्रेंटने जहाजावरून तिचे नाव ठेवले: मारिसा. नाळेतल्या रक्तात शिसे यंत्राला सापडण्याइतकेही नाही. श्रीमती ओकाम्पोंनी आकडा सांगितला नाही, कारण सांगायला आकडाच नव्हता. मी एककही विचारले नाही.

आज दुपारी वर्ल आला. अंगात कोरा सदरा, घडीच्या रेघा अजून तशाच. एक टाचणी कॉलरमध्ये राहिली होती, ती मी काढली. केस ओले होते. दोन्ही हात त्याने छातीसमोर वर धरले होते.

"दार तू उघड. मी घरून निघाल्यापासून कशाला हात लावलेला नाही."

"ट्रक कसा चालवलास?"

"शेजारणीने सोडलं."

त्याला मोठ्या खुर्चीत बसवले. ऑरेलियाने मारिसाला आणून त्याच्या हातांत दिले. हात थरथरू लागले. तो गोंधळून आमच्याकडे पाहू लागला, जणू ते दुसऱ्याच कोणाचे हात होते. मी त्याच्या डाव्या कोपराखाली हात धरला, ऑरेलियाने उजव्या.

"मला का जमत नाहीये हे?" तो हळूच म्हणाला. "एवढंसं तर पोर आहे."

"जड आहे ती," ऑरेलिया म्हणाली.

मुलीचे वजन सात पौंडांहून थोडे कमीच आहे.

"बरीच जड आहे," मी म्हणालो.